माळावर कोणाचाही वावर नाही

६ जानेवारी, सोमवार

आज प्रकल्पाच्या हापिसात टोपी, ही डायरी आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. ओळखपत्रावरच्या फोटोत माझे डोळे मिटलेले हायेत, पण देशमाने साहेब म्हणाले, "चालतं, रामहरीजी. रोजचं काम रोज लिहीत चला." साहेब प्रकल्पाच्या जमिनीचं काम बघतात. आजवर उखळदऱ्यात मला कुणी 'जी' लावलेला न्हाई. माय 'राम्या' म्हणती, बायको 'अवो' म्हणती, आणि उरलेलं गाव 'काय बे'वर भागवतं. आजपासून मी ग्राम समन्वयक हाय.

घरी येऊन बायकोला, म्हणजे विजयमालाला, ओळखपत्र दाखवलं. ती भाकरी थापत होती.

"समन्वयक म्हंजे काय करायचं?"

"प्रकल्प आणि गाव यांच्यातला दुवा."

"म्हंजे दोन्हीकडून शिव्या," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

माणसाचं एखादं काम सुरू होताना चार चांगले शब्द बोलायला काय जातं, मला कळत न्हाई.

९ जानेवारी, गुरुवार

मायला प्रकल्प समजावून सांगितला. साहेबांनी शिकवलंय की सुरुवात घरापासून करावी.

म्हणलं, "माय, आपल्या गावाच्या वर मोठा माळ हाय का न्हाई? तिथं एक तळं बांधायचं. खाली दरीत दुसरं. दिवसा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, सांजच्याला वरचं खाली सोडायचं. खाली येताना वीज होती."

"मंग ते पानी प्यायला?"

"न्हाई."

"शेताला?"

"न्हाई."

"ढोरा-मेंढराला तरी?"

"कुंपण राहणार त्याला."

म्हातारी विचारात पडली. "म्हंजे दिसभरात वर चढायचं अन् सांजच्याला खाली उतरायचं. ते तर मी चाळीस वर्सं करतीया. माझ्यातनं कुनी वीज काढली न्हाई."

हे साहेबांना विचारायचं म्हणून लिहून ठेवलं. विजयमाला चुलीपाशी हसत होती. आपल्याकडं रंगपंचमीच्या आधीच टँकर लागतो आणि तिकडं दोन तळी पाणी नुसतं जिना चढ-उतर करणार, हे मलाही जरा कसंतरी वाटलं. पण देशाला वीज पाहिजे, आणि मला कायम नोकरी पाहिजे.

१३ जानेवारी, सोमवार

आज साहेबांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. म्हणाले, "रामहरीजी, सरकारी कागदावर मोठा माळ पडीक आहे. आता प्रत्यक्षातही तो पडीक दिसला पाहिजे. चराईला वापरतात असं निघालं की गुंता होतो. पर्यायी चराई द्या, सगळ्यांची संमती घ्या, वर्षं जातात. वापर नाही असं निघालं, तर पावसाळ्याआधी कुंपण. तुम्ही गावचे आहात, तुम्हाला काय वाटतं?"

मी नीट विचार करून सांगितलं. आमच्या धनगरवाड्यातली चौदा घरं हायेत. दिवाळी झाली की समदे मेंढरं घेऊन खाली नदीकाठच्या गंगथडीला उतरतात. तिकडचे शेतकरी रात्री रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला खत होतं, ह्यांना धान्य मिळतं. मृगाला माघारी येतात. म्हणजे आत्ता जानेवारीत माळावर काळं कुत्रं न्हाई.

साहेब लई खूश झाले. "म्हणजे वापर नाही."

"न्हाईच," मी म्हणलं.

तशी आमची माय जाते. आमची मोठी मेंढरं चुलतभावासंगं गंगथडीला गेलीत, मायचे गुडघे दुखतात म्हणून ती घरी राहिली. अकरा मेंढरं ठेवलीत तिच्यापाशी, ती घेऊन रोज वर जाते. पण ती घरची माणूस. तिला वापर म्हणत न्हाईत. म्हणून सांगितलं न्हाई.

१७ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी सकाळी दहाला माळाची पाहणी हाय. बाहेरच्या एका संस्थेची बाई येणार, माळाचा वापर होतो का ते नोंदवणार. वर ड्रोनही उडणार. साहेबांनी सांगितलंय, त्या दिवशी जनावर वर नको. ड्रोनला बिचकतात म्हणे. जनावरांची एवढी काळजी करणारा साहेब मी पहिल्यांदा बघितला.

घरोघर जाऊन सांगितलं. विजयमालानं दोनदा विचारलं, "मंगळवारीच ना? धालाच ना?" लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदा तिनं माझ्या कामात रस घेतला. मग तिनं कडा गावच्या दिलावरशेठचा नंबर मागितला. दिलावर आमच्या धनगरवाड्यातले बोकड-मेंढे विकत घेतो, त्याच्या बापापासूनचा व्यवहार हाय. मटण करायचा विचार असंल. मला नोकरी लागली ते अजून गोड केलेलं न्हाई, आता तिखटच करायचं असंल.

१९ जानेवारी, रविवार

आज आमच्या ओसरीत बचत गटाची बैठक होती. मी आत गेलो की समद्या गप. सुंदरबाई, जी कधी गप बसत न्हाई, तीसुद्धा गप. बहुतेक माझ्या सत्काराचं चाललंय.

२१ जानेवारी, मंगळवार

लिहायला हात उचलत न्हाई, तरी लिहितो.

साहेबांच्या जीपमधून पावणेदहाला माळावर पोचलो. मागच्या जीपमधून एक पोरगी उतरली, पंचविशीतली, डोक्याला ओढणी, हातात टॅब. नाव ऋतुजा. संस्थेची बाई ती हीच. मी म्हणलं, "बघा मॅडम, कसा मोकळा माळ हाय," आणि हात लांब करून दाखवला. तर हात ज्या दिशेला केला तिकडून शेळ्या यायला लागल्या.

एक न्हाई, दोन न्हाई, गावातल्या समद्या. बचत गटातल्या बाया एकेक शेळी दाव्याला धरून ओढत आणत होत्या. जन्मात दारची बाभूळ सोडून कुठं न गेलेल्या शेळ्या. सुंदरबाईची शेळी तर चहात बुडवलेल्या बिस्किटाशिवाय काही खात न्हाई. तिच्या पायात दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा. मागून दिलावरशेठचा टेम्पो आला, त्यातून चार मेंढे उतरवले. हरभऱ्याच्या भुशावर पोसलेले, पोट जमिनीला टेकलेलं. ते उतरले आणि जागेवरच आडवे झाले. समद्यांच्या पुढं आमची विजयमाला, हातात काठी.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं.

ऋतुजानं विचारलं, "या शेळ्या रोज इथं चरायला येतात का?"

"रोज," सुंदरबाई म्हणाली. "न चुकता." तेवढ्यात तिच्या शेळीनं टेम्पोच्या फळीवर पुढचे दोन पाय ठेवले आणि घरी जाऊ म्हणून ओरडायला लागली.

"आणि हे मेंढे?"

"हे पन रोज," दिलावर म्हणाला. "आज जरा थकलेत. सकाळपासून लई फिरले."

मग ड्रोन उडाला. पुढचं काय सांगावं. दावी तुटली, बाया पडल्या, समद्या शेळ्या शेपटी वर करून दरीकडं पळाल्या, त्या थेट खालच्या तळवाडीत जाऊन थांबल्या. तळवाडीच्या सरपंचानं त्यातल्या सात बांधून ठेवल्यात, म्हणतो ज्यांनी पीक खाल्लं त्यांची ओळख पटवा. दिलावरच्या मेंढ्यांनी तेवढी वर मानसुद्धा केली न्हाई.

ऋतुजा तोंडाला ओढणी लावून हसत होती. हसू आवरलं तशी म्हणाली, "वहिनी, खरं सांगा. रोज येणारं जनावर पाणी कुठं पितं?" पाच बायांनी पाच दिशा दाखवल्या. विजयमालाचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं न्हाई.

तेवढ्यात टेपाडामागून माय आली. घरोघर सांगताना मायला सांगायचं राहिलंच होतं; तिला ह्या कुठल्याच भानगडीची खबर नव्हती, ती आपली रोजच्यासारखी पहाटेच वर आलेली. "काय लावलंय बे हे, मेंढरं बुजत्यात माझी," म्हणून ओरडली. तिची अकरा मेंढरं आमच्यामधून सरळ चालत गेली, एका खडकाच्या कडेला वळली आणि खाली मान घालून प्यायला लागली. तिथं कपारीत पाणी हाय हे मला म्हाईत नव्हतं. तिथं जमलेल्या कुणालाच म्हाईत नव्हतं.

दिलावर माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, आता तू गप बस. खरा माल आत्ता आलाय."

ऋतुजानं विचारलं, "आजी, या जागेला काय म्हणतात?"

झालं. म्हातारी सुटली. ही झारी. पल्याड ते कोकरटेप, तिथं वारा लागत न्हाई म्हणून नवी कोकरं बसवायची. ती लांडगखिंड. तो खडक गारवा, उन्हाळ्यात बारा वाजता मेंढरं तिथंच. ह्या पट्ट्यातलं पवन्या गवत आधी चारायचं न्हाई, पोळ्यानंतर. त्या उतारावर शेजारच्या रामदासच्या घरच्यांनी चारायचं, ह्या उतारावर आमी, अन् मधला पट्टा ज्याच्या घरी बाळंतीण त्याला. दोन तास हेच. त्या पोरीला घेऊन पायी समदा माळ हिंडली आणि गुडघे दुखतात म्हणाली न्हाई. मी मागं जांभया देत चाललो होतो. एकदा म्हणलंही, "मॅडम, जुन्या बाईचं बोलणं हाय, सगळंच कशाला लिहिताय." ती म्हणाली, "मी त्याच्यासाठीच आलेय." एक्केचाळीस नावं लिहून घेतली, नकाशावर टिंब देऊन. आजकालच्या पोरींना कामाची निवड कशी करावी कळत न्हाई.

२२ जानेवारी, बुधवार

साहेब रागावले न्हाईत. नुसतं म्हणाले, "त्या मुलीचं आपण बघू." मग चहा मागवला. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी गप्पांना काय अर्थ, गावच्या शिकलेल्या माणसानं लेखी दिलं की विषय संपतो, असं म्हणाले. गावचा शिकलेला माणूस कोण, ते मी ओळखलं.

विजयमाला दिवसभर तळवाडीत शेळ्या सोडवत होती. सांजच्याला आली, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज जबाबावर सही केली. टाईप केलेला होता, छान कागद. "मी स्थानिक रहिवासी असून सदर माळावर कोणाचाही वावर नाही." पहिला पेन चालला न्हाई, दुसरा चालला न्हाई, तिसरा साहेबांनी खिशातून काढून दिला. सही करताना नावातलं एक अक्षर सुटलं, ते वरून घातलं. चहा जास्त झाला असंल.

साहेब म्हणाले, जनसुनावणीत हाच जबाब वाचून दाखवायचा, आणि त्यानंतर कायम करून टाकू.

माय सांजच्याला माळावरून आली तेव्हा मी ओसरीत होतो. तिनं कंबरेच्या पिशवीतून मूठभर बोरं काढून माझ्यापुढं ठेवली. खाल्ली मी. गोड होती, पण खाताना तिच्याकडं बघवलं न्हाई. कावून ते कळत न्हाई. मी काय चोरी केलेली न्हाई.

११ मार्च, मंगळवार

जनसुनावणीची नोटीस चावडीवर लागली. एकोणीसला, शाळेच्या मैदानावर. मंडप, खुर्च्या, माईक. माईक मी स्वतः तपासणार.

माझ्या कपड्यांत जबाबाची झेरॉक्स विजयमालाला सापडली. मी वाट बघत होतो की आता भांडंल, माझी उत्तरं तयार होती. पण तिनं ती घडी घालून जिथं होती तिथं ठेवली. दुपारी कालवणात मीठ नव्हतं. मी मीठ मागितलं, तर म्हणाली, "स्थानिक रहिवाशाला म्हाईत असायला पाहिजे मीठ कुठं ठेवलंय."

खरंच मला म्हाईत नव्हतं. अर्धं घर हुडकलं.

१९ मार्च, बुधवार

मंडप भरला होता. समोर टेबलावर अध्यक्ष म्हणून बीडहून आलेल्या एक अधिकारी बाई, डाव्या हाताला साहेब, उजव्या हाताला लिहून घेणारा कारकून. पुढच्या रांगेत बचत गट, कड्याहून आलेला दिलावर, आणि अगदी कडेला माय. तिला कुणी आणलं ते विचारायची गरज नव्हती.

लोक बोलले. कुणी रस्ता मागितला, कुणी नोकरी, एकानं शाळेला घंटा मागितली. ऋतुजानं एक्केचाळीस जागांचा नकाशा ठेवला. साहेब उठून म्हणाले की ही एका वृद्ध महिलेची तोंडी माहिती आहे, याला लेखी आधार नाही, आणि आमच्याकडं गावच्याच सुशिक्षित माणसाचा जबाब आहे. मग त्यांनी मला खूण केली.

माझा आवाज मोठा हाय. मी वाचलं. "मी, रामहरी सटवा वाघमोडे, वय चव्वेचाळीस, लहानपणापासून या गावचा रहिवासी असून, माझ्या माहितीप्रमाणे सदर माळावर कोणाचाही वावर नाही." भोंगा चांगला होता, माझाच आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन माघारी आला. प्रकल्पाच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी न्हाई.

माय उठली. पोलीस म्हणाला आधी फॉर्म भरा. अधिकारी बाई म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना." माय माईकजवळ आली, आधी लई लांब उभी राहिली, मग लई जवळ.

"बाई, ह्यो माझाच ल्योक हाय," ती म्हणाली. "खोटं बोलत न्हाई त्यो. त्याला म्हाईतच न्हाई."

तिनं माईकची दांडी काठीसारखी धरली.

"ह्याला सहावं लागलं तवा म्या ह्याच्या बापाला म्हनलं, ह्याला माळावर न्यायचा न्हाई. एकदा मेंढरांची वाट पायाला लागली की साळंची सुटती. ह्यो रडायचा, मागं मागं यायचा. म्या दगडं मारून माघारी लावलाय ह्याला साळंत. तवाच्यानं ह्याला माळ म्हाईत न्हाई. तवा त्याचं ऐकू नका, पन त्याला बोलूबी नका. चूक माझी हाय."

एवढं बोलून खाली बसली आणि पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं जमीन फाटावी आणि मी ह्या कागदासकट आत जावं.

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "रामहरीजी, तुम्ही माळावर शेवटचे कधी गेला होता?"

"एकवीस जानेवारीला, पाहणी होती तवा."

"आणि त्याआधी?"

मी लई आठवून बघितलं. "त्याआधी माय दगडं मारायची, मॅडम."

समदा मंडप हसला. सुंदरबाई तर खुर्चीवरून घसरली. हसू थांबेपर्यंत मी तसाच उभा होतो, माईक हातात घेऊन. मायनं दगडं मारल्याचं मला आठवत नव्हतं असं न्हाई. पण ती दगड मुद्दाम बाजूला पाडायची, हे आज आठवलं. एकही कधी लागला नव्हता.

मी म्हणलं, "मॅडम, हा जबाब मी माघारी घेतो. सही माझी हाय, वाक्य टाईप केलेलं होतं."

"दिलेला जबाब माघारी घेता येत नाही. त्यात भर घालता येते."

"मग घालतो. माझी माय रोज माळावर जाते. ती घरची म्हणून मी मोजली न्हाई. आणि चौदा घरं मृगाला येतात, पोळ्यापर्यंत गवत राखतात, दिवाळीपर्यंत तिथंच असतात. ती गावची म्हणून मोजली न्हाईत. चुकलं माझं."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. अधिकारी बाईंनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. साक्षीदाराचा स्वतःचाच माळावर वावर नाही, सबब इतरांचा वावर नाही असे सांगण्यास ते पात्र नाहीत. मेंढपाळ परत आल्यानंतर, मृगात, फेरपाहणी करावी. तोपर्यंत कुंपण नको."

आजवर मला कशातच अपात्र ठरवल्याचा एवढा आनंद झाला नव्हता. बारावीला तर लई रडलो होतो.

घरी जाताना माय पुढं, विजयमाला मधी, मी मागं.  जेवायला बसलो तर कालवणात मीठ बरोबर होतं.

२० मार्च, गुरुवार

टोपी आणि ओळखपत्र जमा केलं. साहेब नुसतं "ठेव तिथं, रामहरी," म्हणाले. जी गेला. डायरी माघारी घेतली न्हाई, वापरलेली हाय म्हणाले.

२४ मार्च, सोमवार

मायच्या मागं माळावर गेलो. मेंढरं माझ्याकडं पाहुणा आल्यासारखी बघत होती. मी "हुर्रर्र" केलं, एकही हललं न्हाई. माय नुसती खोकली, समदी तिच्याकडं वळली. दुपारपर्यंत माझी चप्पल तुटली, दोन मेंढरं हरवली, आणि ती दोन्ही माझ्या मागंच उभी होती. माय म्हणाली, "पुढं पुढं करू नगं. मेंढराच्या मागनं चालायचं असतंय."

१२ जून, गुरुवार

मृग लागला. तीन दिवस घाटातून मेंढरं येतायत, गावाला नुसता लोकरीचा वास. चुलतभाऊ गंगथडीहून आला, त्याला प्रकल्पाचं, सुनावणीचं समदं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पवन्याच्या पट्ट्यात गवत कसंय?" मी म्हणलं, बरं हाय, पण पोळ्यापर्यंत तिकडं जायचं न्हाई. त्यानं माझ्याकडं नवल करून बघितलं.

आज फेरपाहणी झाली. प्रकल्प होणार का न्हाई, वरचं तळं कुठं सरकवणार, ते अजून वरच्यांच्या हातात हाय. पण आज चौदा घरांची नावं लागली. ऋतुजा झारीपाशी सतरंजी टाकून बसली होती आणि मेंढपाळांची रांग तिच्या पुढं. मेंढरं मोजायचं तिनं दहा वाजताच सोडून दिलं.

आमचा नंबर आला. तिनं विचारलं, "आजी, तुमच्या घरातून माळावर कोण कोण जातं?"

"मी," माय म्हणाली. मग मागं वळली. मी काठी घेऊन उभा होतो. कड्याच्या बाजारात मेंढा बघतात तसं तिनं मला खालून वर बघितलं. "अन् ह्यो. नवा हाय. मेंढरं अजून ऐकत न्हाईत ह्याचं. पन लिवा."

"किती वर्षांपासून जातात?"

मी म्हणलं, "मार्चपासून." टॅबमध्ये महिने लिहायला जागा नव्हती, नुसती वर्षं. ती जरा घोटाळली, मग तिनं आकडा टाकला आणि मला बरोबर हाय का बघायला टॅब दिला.

मायला वाचता येत न्हाई. म्हणाली, "काय लिवलंय, वाच की."

"रामहरी सटवा वाघमोडे, वय चव्वेचाळीस, मेंढपाळ, अनुभव शून्य वर्षे."

तिनं मला ते दोनदा वाचायला लावलं.